हळदीचा हात

सारिका मगदूमनं चहा कपात ओतला आणि मनगटावरचं कडं थरथरलं. तिनं कड्याकडे पाहिलंही नाही. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे हे नेमगोंडा आजोबांचं. या वेळी नळाला पाणी येतं. आजोबा गार पाण्यानं खळखळून हातपाय धुतात, बोटं गारठतात, आणि बोटातला छल्ला घाबरून कळवतो की आजोबांच्या रक्तातला प्राणवायू घटला. मग आजोबा उन्हाला बसतात, आणि पाच मिनिटांत आकडा पुन्हा पंच्याण्णव.

सारिकानं अंदाजानंच कड्यावरचं बटण दाबलं. 'खोटा'. कारण : 'गार हात'. मग चहा प्यायली. तो निवला होता.

"माझ्याशी लगीन केलंस का त्या कड्याशी?" अभयनं, तिच्या नवऱ्यानं विचारलं. हा त्याचा चार वर्षांचा जुना विनोद होता. पहिल्या वर्षी ती हसायची.

चार वर्षांपूर्वी योजना आली. साठीच्या पुढच्या आणि छातीच्या दुखणेकऱ्या माणसांना घरोघर छल्ले वाटले गेले, आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवायला गावागावांत एकेक बाई नेमली गेली. कागदावर तिचं नाव 'प्राणवायू सेविका'. गाव म्हणायचं छल्लेवाली. सारिकाच्या कड्याला त्रेसष्ट छल्ले जोडलेले होते. त्रेसष्ट माणसं जागेपणी, झोपेत, जेवताना, भांडताना जे काही श्वास घेत, त्याचा जाब सारिकाच्या मनगटाला द्यावा लागे.

छल्ल्याचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, प्राणवायू देऊन रिकामं झालेलं काळपट. छल्ल्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल उजेडाचा, दुसरा लालच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचा. भरलेलं हिमोग्लोबिन लाल उजेडाला वाट देतं, रिकामं त्याला अडवतं. अवरक्ताच्या बाबतीत नेमकं उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला कोणता उजेड किती पोचला ते छल्ला पाहतो आणि ठरवतो, की शंभरातल्या किती गाड्या माल भरून निघाल्या आहेत. तो आकडा छल्ल्यावर दिसतो आणि सेविकेच्या कड्यालाही कळतो. पंच्याण्णवच्या वर गाड्या भरलेल्या असल्या की काळजी नाही. नव्वदच्या खाली आल्या की धावायचं.

पण बोट म्हणजे काही प्रयोगशाळेतली काचेची नळी नव्हे. बाई भाकरी थापायला बसली की बोट दाबलं जातं. धार काढताना दाबलं जातं. थंडीत आखडतं. पहिल्या वर्षी कडं दिवसातून दीडशे वेळा थरथरायचं, आणि सारिका दीडशे वेळा धावायची. चप्पल तीन महिन्यांत झिजायची. धापा टाकत दारात पोचावं, तर आतून आवाज यायचा, "काय गं छल्लेवाली, चहा घेतीस का?"

प्रशिक्षणात एक गोष्ट बजावून सांगितली होती : रंगलेल्या बोटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नखरंग पुसा, काळी मेहंदी असेल तर दुसरं बोट घ्या. सारिकाचं गाव हळदीचं. शिमग्याच्या आसपास शिजवून वाळवलेली हळद शेडमध्ये येते, मोठ्या पिंपात फिरवून पॉलिश होते, बायका लांबट हळकुंडं आणि गोल गड्डे निवडतात. तीन-चार महिने गावातल्या निम्म्या बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे. त्या दिवसांत शेडमधून खूप गजर यायचे. जाऊन पाहावं तर बाई ठणठणीत, हात पिवळाधमक. दुसऱ्या वर्षी सारिकानंच कार्यालयाला लिहिलं, की खोट्या गजराच्या कारणांत 'हळद' हे बटण द्या. त्यांनी दिलं. वर शाबासकीही दिली.

ही सगळी बटणं वाया जात नव्हती. सारिका काय दाबते ते जिल्ह्याच्या यंत्रणेला कळायचं, आणि यंत्रणा त्यावरून शिकायची. कुणाचा, कोणत्या वेळचा, कसा गजर खोटा निघतो हे ती हळूहळू ओळखू लागली. तिसऱ्या वर्षापासून असे गजर ती कड्याला न पाठवता आपण होऊनच राखून ठेवायला लागली. सेविकेला उगाच त्रास नको. यंदाच्या हळदीच्या दिवसांत तर कडं दिवसाला जेमतेम वीसदा थरथरलं; आजोबांच्या गार हातासारखं जे यंत्रणेला अजून पुरतं उमगलं नव्हतं, तेवढंच. कित्येक वर्षांनी सारिकाला दुपारी सलग झोप मिळू लागली. गेल्याच आठवड्यात पत्र आलं होतं : जिल्ह्यात सर्वांत कमी खोटे गजर तुमच्या केंद्राचे, सोमवारी सत्कार.

* * *

शनिवारी दुपारी साडेतीनला सारिका शेडवर गेली ती गजर झाला म्हणून नव्हे. मंदाक्काचा छल्ला ढिला झाला होता, तो बदलून द्यायचा होता.

मंदाक्का शेडमधली मुकादम. एकसष्ट वर्षांची, आवाज पॉलिशच्या पिंपाच्या वर चढणारा. सारिका स्वतः सहा वर्षं तिच्या हाताखाली हळद निवडत होती. सेविकेच्या जागेची जाहिरात निघाली तेव्हा मंदाक्कानंच तिला हाताला धरून उठवलं होतं. "बारावी शिकलीस न्हवं? मग हितं धूळ खात का बसलीस? ऊठ. अर्ज भर. उद्या मला शेडमध्ये दिसलीस तर टोपली घालीन डोक्यात."

आज पिंप फिरत होतं, पण मंदाक्काचा आवाज नव्हता. ती पोत्यांना टेकून पाय पसरून बसली होती.

"ऊन लागलंय अक्काला," एक बाई म्हणाली. "पाणी दिलंय. बसू दे जरा."

सारिका वाकली. मंदाक्काचे ओठ जांभळट होते. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. सारिकानं मनगटाकडे पाहिलं. कडं गप्प होतं. तिनं मंदाक्काचं नाव उघडलं. पडद्यावर अक्षरं आली :

८१. हळद. गजर राखून ठेवला.

आणि इथंही चार वर्षांच्या सवयीनं तिचे हात आपले आपण चालले. "पाणी आणा. साबण आणा. हात धुवा आधी अक्काचा." कुणीतरी तांब्या आणला. सारिकानं बोट चोळचोळून धुतलं, पदरानं कोरडं केलं, दुसऱ्या हाताच्या बोटात छल्ला घालून पाहिला, तेही बोट धुतलं, वाट पाहिली. सात मिनिटं गेली. आकडा आला, एकोणऐंशी.

मंदाक्का तिच्याकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसता हात हलवला. राहू दे, असं म्हणत असावी.

मग सारिका ओरडली, "गाडी बोलवा!"

* * *

जिल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलायचे. "धुळीनं फुप्फुसं आक्रसलीत. वाचल्या, पण यापुढे घरी प्राणवायूचं यंत्र लागेल. हे काल-परवाचं नाही हो बाई. महिनाभर तरी आकडा घसरत असणार. यांच्याकडे छल्ला नव्हता?"

"होता," सारिका म्हणाली.

बाकावर बसून तिनं मागचे दिवस उघडले. शिमग्याआधी मंदाक्काचा आकडा चौऱ्याण्णव. मग रोज दुपारी, पिंप तापलं आणि धूळ दाटली की घसरण. नव्वद. एकोणनव्वद. सत्त्याऐंशी. प्रत्येकापुढे तेच शब्द : हळद, गजर राखून ठेवला. छल्ला महिनाभर सांगत होता. मधल्या यंत्रणेनं ते सारिकापर्यंत पोचू दिलं नव्हतं, कारण ते पोचलेलं सारिकाला आवडत नाही हे तिला सारिकानंच शिकवलं होतं.

'एवढ्या पिवळ्या हातावर आकडा खरा कसा येईल?' ती मनाला समजावत होती. पण बोट धुतल्यावर आकडा वाढला नव्हता. ते मनातून जात नव्हतं.

रविवारी सकाळी ती उपाध्ये सरांकडे गेली. तिचं माहेर-सासर एकाच गावात, आणि सरांनी तिला सहावीला विज्ञान शिकवलेलं. आता ते पंचाहत्तरीला आले होते. त्रेसष्टांपैकी एक छल्ला त्यांच्याही बोटात होता, पण घराच्या पुढच्या सोप्यावरची मुलांची शिकवणी अजून सुटली नव्हती. खिडकीत लोहचुंबक, भिंगं, बाटल्यांची बुचं, फुटक्या चष्म्याच्या काचा.

"ये चौगुले," सर म्हणाले. ते तिला अजून हजेरीपटावरच्या माहेरच्या आडनावानंच हाक मारायचे. "कडं थरथरलं का माझं?"

"न्हाई सर. एक विचारायचं होतं. हळदीच्या बोटावर छल्ला चुकतो का?"

सरांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच द्यायचे नाहीत. "आत डब्यात हळद आहे. एका बोटाला चांगली चोळ. शेजारचं बोट धुऊन ये. आणि ती विजेरी घे."

मागच्या अंधाऱ्या खोलीत दोघं उभी राहिली. सारिकानं विजेरीच्या तोंडावर धुतलेलं बोट ठेवलं. बोटाचं पेर निखाऱ्यासारखं लाल उजळलं. मग हळदीचं बोट ठेवलं. तेही उजळलं. तिनं पुन्हा बोटं बदलली. पुन्हा बदलली.

"काय दिसतं?"

"सारखंच लाल दिसतंय सर."

मग सरांनी औषधाच्या स्पिरिटात चिमूटभर हळद टाकून ते गाळून घेतलं. पिवळंजर्द, स्वच्छ पाणी झालं. विजेरीवर निळा पारदर्शक कागद धरला, तर त्या पाण्यातून उजेड पलीकडे जाईना. तसाच लाल कागद धरला, तर समोरच्या भिंतीवर लाल वर्तुळ उमटलं, मध्ये काहीच नसल्यासारखं.

"हळद निळा उजेड खाते, म्हणून आपल्याला पिवळी दिसते," सर म्हणाले. "लाल उजेडाशी तिचं काही वाकडं नाही. आणि छल्ला बघतो तो लाल आणि त्याच्या पलीकडचा. काळी मेहंदी लालही खाते, तेव्हा तुमच्या प्रशिक्षणात सांगितलं ते बरोबरच होतं. हळद त्यात आपण आपली घातली."

"मग त्या गजरांच्या वेळी बायका ठणठणीत कशा दिसायच्या?"

"काही गजर खोटे असतील. निवडताना बोट दाबलं जातं. आणि काही वेळा बाई ठणठणीत दिसत असेल, नसेल. पायऱ्या चढायला लावलं होतंस कुणाला?"

सारिका खाली बसली. "सर, मी निम्म्या वेळा गेलेच न्हाई. दुपारी पडल्या पडल्या दाबायची. हळद, हळद, हळद."

सर जरा वेळ विजेरी चालू-बंद करत राहिले. मग म्हणाले, "मी शाळेत असताना शनिवारी वह्या तपासायचो. आठवड्याचा शीण असायचा. न वाचताच बरोबरच्या खुणा करायचो. दोन महिन्यांनी एका पोरानं गृहपाठाच्या जागी लग्नातल्या जेवणाची यादी लिहिली, जिलेबीपासून मठ्ठ्यापर्यंत. मी तिच्यावर बरोबरची खूण केली आणि खाली शेरा लिहिला, छान. वर्गात कुणाला शनिवारचा नियम सांगावा लागला नाही. पोरं माझा शीण शिकली होती. तुझं यंत्र पोरांपेक्षा हुशार, एवढंच."

"ती यादी कुणाची होती सर?"

"तुझ्या नवऱ्याची."

सारिकाला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. सर स्पिरिटाची बाटली धुवायला घेऊन आत गेले.

* * *

सत्काराच्या दिवशी सकाळी तिनं कार्यालयात फोन लावला. यंत्रणा सांभाळणारी केतकी म्हणून मुलगी होती, नेहमी गोड बोलायची.

"ताई, निघालात ना? बाराला कार्यक्रम आहे. आणि तुम्हाला एक गंमत सांगायची होती. तुमच्या केंद्रावर यंत्रणेचं शिक्षण इतकं चांगलं झालंय की आम्ही ते महिन्याभरापूर्वी हळदीच्या आणखी अकरा गावांना जोडलंय. तिथल्या सेविका तुम्हाला दुवा देतात."

अकरा गावं. सारिकानं दुपारी पडल्या पडल्या दाबलेली बटणं अकरा गावांतल्या बायांच्या बोटांवर जाऊन बसली होती.

"केतकी, ते पुसून टाक."

"काय?"

"हळदीचं सगळं. माझ्या गावचं, त्या अकरा गावांचं. हळदीनं आकडा चुकत न्हाई. मी चुकले. आमची अक्का मरता मरता वाचली."

मग केतकीचा आवाज आला, हळू. "ताई, एकटी हळद काढता येत नाही. एकात एक गुंतलेलं असतं. पुसायचं तर सगळंच पुसावं लागेल. चार वर्षांपूर्वीसारखं. दिवसाला दीडशे. झेपेल तुम्हाला?"

दीडशे हा आकडा तिच्या पोटऱ्यांना आठवत होता.

"शिवाय लेखी द्यावं लागेल. काय चुकलं, कुणाच्या हातून. तुमच्या नावानं. त्यावर चौकशी होईल. कदाचित कामावरून…"

"लेखी देते. तू आधी पूस. चौकशी व्हायची तेव्हा होऊ दे."

सत्काराला ती गेली नाही. अभयच्या समोर बसून तिनं लिहिलं : हळद हे कारण मी सुचवले. ते तपासून पाहिले नाही. अनेक गजर मी माणसाला न पाहता खोटे ठरवले. मला थकवा आला होता, हे कारण खरे आहे, पण ते यंत्रणेला माहीत नव्हते. खाली सही केली. अभयनं कागद वाचला. विनोद केला नाही. घडी घालून पाकिटात ठेवला आणि म्हणाला, "संध्याकाळच्या भाकऱ्या मी बघतो. जाड होतील, बोलायचं न्हाई."

दुपारी शेजारच्या, त्या अकरांतल्याच एका गावच्या रेहानाचा फोन आला. तीही सेविका. "काय केलंस गं बाई! महिनाभर कसं सुखात होतो. सकाळपासून ऐंशी वेळा वाजलंय माझं कडं. सासू म्हणती, विहिरीत टाक ते. तुझं नाव घेऊन बोटं मोडतीय मी."

"मोड की," सारिका म्हणाली. "पण जाऊन बघतीस न्हवं?"

"बघतीय तर." रेहानाचा सूर उतरला. "दोघी खऱ्या निघाल्या. एक तर माझी चुलत सासूच. तिला दवाखान्यात घेऊन चाललोय. ठेवते."

* * *

मंदाक्का वीस दिवसांनी घरी आली. चौकशी अजून चालू होती. कडं तोपर्यंत सारिकाकडेच होतं, कारण दुसरी कुणी बाई ते घ्यायला तयार नव्हती.

मंदाक्काच्या खाटेशी पेटीएवढं यंत्र घरघरत होतं, आणि त्याची नळी तिच्या नाकात होती. मुकादमाचा आवाज गेला होता. तीन शब्द बोलून ती थांबायची, मग पुढचे तीन. पण रिकामं बसवत नाही म्हणून तिनं शेडमधून, धूळ उडू नये अशी, ओली, धुतलेली हळद मागवली होती. मांडीवर सूप घेऊन ती गड्डे वेगळे करत होती. हात पुन्हा पिवळे.

"अक्का, तुला सांगायचंय," सारिका म्हणाली, आणि सगळं सांगितलं. बटण, दुपारची झोप, धुवायला घालवलेली सात मिनिटंसुद्धा.

मंदाक्का सूप हलवत राहिली. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. श्वास घेतला. "धाप लागायची. बाया म्हणायच्या, बघ छल्ला." पुन्हा श्वास. "मीच म्हणायची… हळद हाय. खोटं दावतंय. हंगाम सोडून… कोण घरी बसंल?"

"तू म्हणालीस तरी मी यायला पायजे होतं."

"व्हय," मंदाक्का म्हणाली. "यायला पायजे हुतं."

तिनं एवढंच म्हटलं. रागानं नाही, पण सोडूनही दिलं नाही. सारिकाला ते बरं वाटलं. गेले वीस दिवस सगळे तिला जाऊ दे, जाऊ दे म्हणत होते.

तेवढ्यात कडं थरथरलं. सकाळपासूनचं एकशे कितवं तरी. सारिकाचे पाय भरून आले होते, दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. तिनं नाव पाहिलं. समोरचंच होतं.

अठ्ठ्याऐंशी.

मंदाक्कानं पिवळा हात सुपातून काढला आणि तांब्याकडे नेला. "थांब… हळद हाय. धुती."

"असू दे. हात दे."

सारिकानं तो हळदीचा हात तसाच आपल्या हातात घेतला. ओठ पाहिले, नखं पाहिली, गळ्याखालचा खळगा पाहिला. सूप हलवून श्वास चढला होता. तिनं सूप खाली ठेवलं, मंदाक्काच्या पाठीशी उशी दिली आणि डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तसं यंत्राचं बटण एका घरानं पुढे सरकवलं. मग आकड्याकडे बघत बसली. एकोणनव्वद. नव्वद. बऱ्याच वेळानं त्र्याण्णव.

कड्यावर तिनं 'खरा' दाबलं. बोटाचा पिवळा ठसा काचेवर उमटला. तो तिनं पुसला नाही.

कडं पुन्हा थरथरलं. नेमगोंडा आजोबा. दुपारचे अडीच. या वेळी नळाला पाणी नसतं. आणि असतं तरी काय, सारिकाच्या मनात आलं.

"कोण गं?" मंदाक्कानं विचारलं.

"आजोबा."

"जा मग. बसलीस काय?"

"जाते की," सारिका म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्यापाशी पायानंच चपला चाचपू लागली.